बॅटरी काढली तरी

५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईनं वही दिली. मेरुएर्त तिचं नाव, वय माझ्या मुलीएवढं, नखं लाल. म्हणाली, "कुल्याश आपा, रोज लिहायचं. साईलाउ आगा काय बोलले, हात कुठं नेला, कशावर चिडले, सगळं." म्हटलं, "मी सातवीपर्यंत शिकलेली. तांब्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं बत्तीस नंबरच्या क्रेनवर बसले. तिथं वहीत दोनच शब्द लिहायचे, चालू आणि बंद." तर म्हणते, "दोन तर येतातच की. बाकीचे येतील मागून." हिला हसायला काय जातंय.

तर लिहिते. ३ ऑक्टोबरला साईलाउ, माझा नवरा, खाली आवारात गाडी लावून वर यायला निघाला आणि तिथंच पडला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय लाकडासारखा सरळ झाला, गुडघ्यात वाकत नाही. बोलणं गेलं. एक शब्द राहिला, "नाही." भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. मेरुएर्त म्हणते डोकं शाबूत आहे, त्याला सगळं कळतं, फक्त शब्दांच्या खोलीला कुलूप लागलंय. कारागांद्याच्या इस्पितळात ते उघडायचा प्रयत्न करतात. तिथं तिनं खटपट करून खाट मिळवलीय, १२ डिसेंबर, दुपारी बाराच्या आत. नाही पोचलो तर खाट पुढच्याला. मग उन्हाळ्यापर्यंत नंबर नाही. आणि उन्हाळ्यापर्यंत थांबलं तर जे बसलं ते बसलं, असं ती मला बाजूला घेऊन म्हणाली.

आमच्या बाल्खाशपासून कारागांदा पावणेचारशे किलोमीटर. बसमध्ये तो पाय मावणार नाही. आपली गाडी आहे. लायसन्स माझ्याकडेही आहे, कारखान्यानं काढून दिलेलं. चालवायला ह्यानं कित्येक वर्षांत दिली नाही ते सोडा.

ही वही मी डॉक्टरणीला देणार नाही. मला सुचेल ते लिहिते, तिला मागून चांगल्या अक्षरात तिच्यापुरतं उतरवून देईन.

आज: नाही, अकरा वेळा. लापशी सांडली. मुद्दाम.

१३ नोव्हेंबर

रात्री उणे बावीस होणार असं सांगितलं. संध्याकाळी आवारातले पुरुष आपापली बॅटरी काढून तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून जिने चढायला लागले. दरवर्षीचंच आहे. बाहेर राहिली तर गोठते, घरात रेडिएटरपाशी ठेवली तर सकाळी गाडी सुरू होते. आमची साईलाउ आणायचा. म्हटलं, मी आणते.

गाडीला हा पडला त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नाही. पडायच्या आधी ह्यानं कुलूप लावून अलार्म चालू केला होता, तेवढं काम चोख. रिमोट हातातून सुटून फरशीवर आपटला, काच फुटली, आत पाणी गेलं, मेला. दुसरा होता तो नातवानं दोन वर्षांपूर्वी सरोवरात फेकला. पण चावी आहे. चावीनं दार उघडलं आणि गाडी बोंबलली.

कुणालाही वाटेल, बॅटरी काढली की गप्प बसेल. मीही तेच केलं. बॉनेट उघडलं, पान्यानं दोन्ही तारा सोडवल्या, बॅटरी उचलून छातीशी धरली. गाडी आणखी मोठ्यानं ओरडायला लागली! मी अशी उभी, बॅटरी माझ्या हातात आणि गाडी ओरडतेय. अर्धा मिनिट ओरडायची, दम खायची, पुन्हा सुरू.

पहिल्या मजल्यावरच्या तमारा फ्योदोरोव्नानं खिडकी उघडली. "कुल्याश, मारतेयस की काय तिला?"

"काळीज काढून हातात घेतलंय, बघ. तरी ओरडतेय!"

"मग ती तुझीच गं गाडी!"

सगळ्या खिडक्या हसल्या. मी म्हातारीला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

रोदिओन खेगाई खाली आला. तिसऱ्या जिन्याला राहणारा कोरियन, गाड्यांची वायरिंगची कामं करतो, अलार्म बसवणं हाच त्याचा धंदा. म्हणाला, "आपा, भोंग्याच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. मोठी निघाली की तो समजतो चोर आला."

"मी चोर?"

"त्याच्या लेखी हो."

"असला भोंगा बसवला कुणी?"

"साईलाउ आगानंच. मागं तुमची बॅटरी दोनदा चोरीला गेली होती ना, तेव्हा. त्याला गप्प करायची बारीक किल्ली असते. ती कुठं आहे?"

"त्यालाच ठाऊक."

रोदिओननं भोंगा मुळापासून उपटला, साईलाउच्या जुन्या कोटात गुंडाळला आणि बर्फाच्या ढिगात पुरला. बर्फाखालून अर्धा तास कुईकुई येत होतं. तमाराचं मांजर त्या ढिगावर जाऊन बसलं.

वर आले तर साईलाउ बिछान्यात उठून बसलेला, तोंड लालभडक. चौथ्या मजल्यावर सगळं ऐकू गेलंच असणार. नाही, नाही, नाही. डाव्या हातानं डाव्या गुडघ्यावर बाहेरच्या अंगानं थापा मारत होता. लघवी लागली असेल म्हणून बाटली दिली. त्यानं ती भिंतीवर फेकली. मी पुसलं.

२० नोव्हेंबर

आठवडाभर बॅटरी रेडिएटरपाशी होती, रोदिओनच्या यंत्रावर भरूनही आणली. आज थंडी जरा कमी, उणे नऊ. रोदिओनला घेऊन बॅटरी बसवली. वाटलं, इतके दिवस मेलेली होती, सगळं विसरली असेल. कसली विसरतेय! तारा जोडल्या जोडल्या चारी दिवे उघडझाप करायला लागले. भोंगा नव्हता म्हणून, नाहीतर ओरडलीच असती. चावी फिरवली, इंजिन हूं नाही की चूं नाही.

"वीज गेली म्हणून ह्याची आठवण जात नाही," रोदिओन म्हणाला. "ज्या अवस्थेत मेला त्याच अवस्थेत उठतो. चोर आला होता तिथं गेला, तिथूनच उठला. वर्षभर बॅटरी काढून ठेवा, काही फरक नाही."

"मग आता?"

"नवा रिमोट आणता येईल. पण तो गाडीला ओळखीचा करून द्यावा लागतो, आणि त्यासाठी एक लपवलेलं बटण दाबावं लागतं. ते सापडलं तर रिमोटचीही गरज नाही. चावी फिरवायची, बटण ठरलेल्या आकड्याइतकं दाबायचं, अलार्म झोपतो. बटण कुठं आहे ते बसवणाऱ्याला माहीत आणि आकडा मालकाला."

"बसवणाराही तोच, मालकही तोच."

"मग विचारा की त्याला."

"विचार तू. उत्तर मिळालं तर माझा बत्तीस नंबरचा क्रेनचा बिल्ला तुला देते."

रोदिओननं स्टिअरिंगखाली शोधलं, पायांखालची मॅट उचलली, फ्यूजची पेटी उघडली. तासभर. शेवटी हात चोळत बाहेर आला आणि शिव्या द्याव्यात की टोपी काढावी असं तोंड करून म्हणाला, "आपा, सगळ्या तारा काळ्या. एका रंगाच्या. चोराला कळू नये म्हणून. मलाही कळत नाहीत." सगळं उपटून काढता येईल, पण त्याला गरम गॅरेज आणि तीन-चार दिवस लागतात, आणि हा २५ला तल्दीकोर्गानला पोरीच्या लग्नाला निघाला, १५ डिसेंबरपर्यंत नाही. गावात दुसरा एक आहे. त्यानं बॉनेटमध्ये एकदा बघितलं आणि म्हणाला, ह्याला मी हात लावत नाही.

घरी येऊन साईलाउला चांगलं सुनावलं. "कोण चोरणार होतं तुझं हे डबडं? स्वतःच्या बायकोपासून लपवलंस?" तो नाही नाही करत राहिला. पुन्हा तेच, गुडघा. डावा, बाहेरून. म्हटलं खाज सुटली असेल, पायजमा वर करून बघितलं, काही नव्हतं.

२४ नोव्हेंबर

आज नाही सहा वेळा. मुलीचा फोन आला तेव्हा रडला. गप्प बसून टीव्ही बघितला. हात कुठंही नेला नाही.

२७ नोव्हेंबर

मेरुएर्त आली होती. तिला बटणाचं सांगितलं. म्हणाली, चित्र काढून विचारा. मी कागदावर गाडी काढली. चित्र बघून तो एका बाजूनं हसला. चाकं चौकोनी झाली होती, मान्य आहे.

"इथं?" नाही. "इथं?" नाही. "सीटखाली?" नाही. "मागं?" नाही.

मग मी शहाणपणा केला. विचारलं, "तू साईलाउ ना?" नाही. "मी कुल्याश ना?" नाही. "बाहेर थंडी आहे ना?" नाही. म्हटलं मिटलं. ह्या नाहीवर काडीचा भरवसा नाही.

त्यानं कागद ओढून घेतला. डाव्या हातात पेन्सिल धरली, एक वाकडी रेघ मारली, टोक मोडलं. मग गुडघा. मग कागद चुरगळून टाकला.

दुपारी सोरपा केला होता, घोड्याच्या मांसाचा रस्सा, घट्ट. जेवताना चमचा वाडग्यावर ठोकला. तीन वेळा. थांबला. मग दोन वेळा. म्हटलं आणखी हवा असेल. वाढला. पुन्हा तीन, मग दोन. पुन्हा वाढला. तिसरा वाडगा समोर आला तेव्हा डोळे मिटून घेतले. खाल्ला नाही. मग मागितला कशाला?

मेरुएर्त म्हणते भूक चांगली लागणं हे लक्षण चांगलं.

३ डिसेंबर

कारागांद्याहून फोन, खाट पक्की, येताय ना. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. कशानं येतेय मी? क्रेननं?

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. कधी कधी वाटतं, बटण नाही सापडलं तर बरंच. गेलो आणि तिथंही काही झालं नाही, तर मग काय उरलं? आत्ता निदान "अजून गेलो नाही" एवढं तरी आहे. हे मी मेरुएर्तला सांगणार नाही. ती लाल नखांनी माझा हात धरेल आणि मला ते आवडत नाही.

दुसरं एक. तो पडला त्याच्या आधी दोन दिवस आम्ही बोलत नव्हतो. मी म्हटलं होतं, चुलतबहिणीला भेटायला कारागांद्याला मी एकटी गाडी घेऊन जाते. तो म्हणाला, नाही. मी विचारलं का? तो म्हणाला, नाही म्हणजे नाही. मग मी दोन दिवस चहा समोर आपटला, बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो पडला. आता दिवसभर तोच शब्द ऐकतेय.

५ डिसेंबर

टॅक्सीवाल्यांना फोन. पहिल्यानं विचारलं, "पाय दुमडत नाही? मग तीन माणसांची जागा खाणार." म्हटलं, तीन माणसांचे घे. म्हणाला, माझी माणसं ठरलेली आहेत, त्यांना उतरवू? दुसरा आजारी माणूस नेत नाही, वाटेत काही झालं तर मलाच धरतील म्हणे. तिसरा आधी हो म्हणाला, मग बायकोनं नको म्हटलं. बसवाल्याला घरी जाऊन भेटले. भला माणूस, चहा पाजला, पण बस मोजून दाखवली. दोन सीटमधलं अंतर पायापेक्षा वीतभर कमी.

मी फोनवर भांडत असताना साईलाउ खोलीतून हाका मारत होता, म्हणजे नाही नाही ओरडत होता. गेले तर गुडघा. दणादण. दुखत असेल म्हणून अस्वलाची चरबी चोळली आणि लोकरीची पट्टी बांधली. पट्टी बांधून होईपर्यंत माझ्याकडं बघत राहिला. असं बघत होता की मीच आजारी आहे.

७ डिसेंबर

मी गाढव आहे. दुसरं काय लिहू.

सकाळी मेरुएर्तसाठी वही उतरवायला बसले. नवी वही, रेघा मारल्या, एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला काय केलं. १३ नोव्हेंबर, गुडघा. लिहिलं. २० नोव्हेंबर, गुडघा. २४ला काही नाही. २७, गुडघा. मधल्या आठवड्यात काही नाही. ५ डिसेंबर, गुडघा. आज डावा गुडघा दुखतो आणि उद्या दुखत नाही, असं दुखणं कुठलं? मग बघितलं त्या त्या दिवशी काय झालं होतं. भोंगा. बॅटरी. चित्र. टॅक्सी.

प्रत्येक वेळी गाडी.

मी बाटली दिली. खाजवलं. अस्वलाची चरबी चोळली!

आत गेले. तो जागा होता. त्याच्यासमोर खुर्ची ठेवली, बसले, हातात ताटाचं झाकण धरलं स्टिअरिंगसारखं. माझ्या डाव्या गुडघ्यावर बाहेरून, गाडीत ड्रायव्हरचं दार येतं त्या अंगाला, हात ठेवला आणि विचारलं, "इथं?"

तो "नाही" म्हणाला. पण पापण्या मिटल्या, हळू, आणि उघडल्या. आणि खांदा खाली आला. महिनाभर वर धरलेला खांदा.

"दाराला?" नाही, आणि पापण्या तशाच उघड्या. "सीटला?" उघड्याच. "मधे? दार आणि सीटच्या मधे, खाली?" पापण्या मिटल्या.

मग मी स्वयंपाकघरातून वाडगा आणि चमचा आणून त्याच्या हातात दिला. काही विचारलं नाही. तीन. थांबला. दोन.

आकडा होता तो. सोरपा नव्हे.

मी उठून खिडकीपाशी गेले आणि जरा वेळ तिकडंच तोंड करून उभी राहिले. बाहेर काही नव्हतं बघायला.

८ डिसेंबर

बॅटरी एकटीनं खाली नेली, एकटीनं बसवली. दिवे लागले फडफडायला. ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ह्या सीटवर मी किती वर्षांनी बसले ते मोजलं नाही. दाराच्या खांबाला खालपर्यंत काळी फेल्टची पट्टी चिकटवलेली आहे. गुडघा जिथं येतो तिथं बोटांनी चाचपलं. काही नाही. हातमोजा काढला. उणे एकोणीसमध्ये उघडी बोटं. फेल्टच्या खाली मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक लागलं. रोदिओननं तासभर शोधलं तरी त्याला सापडलं नाही ते म्हणूनच, तो सगळीकडं जाड हातमोज्यांनी हात फिरवत होता.

चावी फिरवली. तीन वेळा दाबलं, दोन वेळा दाबलं. दिवे तसेच. पुन्हा केलं. तसेच. घाम फुटला, त्या थंडीत. मग आठवलं, तो मधे थांबत होता. चहाचा एक घोट घ्यायला लागेल तेवढं. मी कुठं थांबते? मला थांबायला कुणी शिकवलं? पुन्हा चावी. तीन. थांबले. एक घोट. दोन.

दिवे विझले. साधे, शांत विझले. इंजिन पहिल्या चावीला घरघरलं, दुसऱ्याला लागलं.

मी चार वेळा बंद करून चार वेळा सुरू केलं. तमारा फ्योदोरोव्ना खिडकीत आली. "झाली का गं शांत?"

"झाली."

"आणि तू?"

"तू खिडकी लाव, थंडी आत जातेय."

वर येऊन सांगितलं, लागली. तो म्हणाला, "नाही." तोंडाची एक बाजू वर गेलेली.

आकडा तीन आणि दोनच का ठेवला, अल्ला जाणे. लोक जन्मतारीख ठेवतात, घराचा नंबर ठेवतात. ह्याचं ह्यातलं काहीच तसं नाही. विचारलं तर म्हणेल नाही.

११ डिसेंबर

सकाळी नऊला चार शेजाऱ्यांनी त्याला सतरंजीत घेऊन चार जिने उतरवले. मी पुढं उलटी चालत होते आणि सगळ्यांवर ओरडत होते. एक म्हणाला, "आपा, भोंगा काढला ना गाडीचा? मग हा कुठला वाजतोय?" म्हटलं, ह्याची बॅटरी काढता येत नाही, पाय सांभाळ.

मागं गादी घालून ठेवली होती. त्यानं पुढच्या दाराची कड धरून ठेवली. नाही, नाही. पुढची सीट पूर्ण मागं ढकलली तेव्हा पाय मावला. बसला. पट्टा मी लावला.

पहिला गियर. "नाही." दुसरा. "नाही." सरोवराच्या वळणावर, "नाही, नाही!" म्हटलं, "मग तू चालव!" तो हसला. खरंच, आवाज काढून. वाटेतल्या अक्सू-अयुली गावापर्यंत तो प्रत्येक गियरला नाही म्हणाला आणि मी प्रत्येक गियर टाकला. तिथून पुढं रस्त्यावर वारा बर्फ ओढून आणत होता, डांबर दिसत नव्हतं, मला भीती वाटत होती. लिहून ठेवते, वाटत होती. तेव्हा तो एकदम गप्प झाला. एकदाही नाही म्हणाला नाही. डावा हात गियरच्या दांड्याजवळ आणून ठेवला, दांड्यावर नाही, माझ्या हातावर नाही, जवळ. तसाच ठेवला साठ किलोमीटर.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा इंजिन बंद केलं नाही. अलार्म झोपलाय, पण मी कुणावर विश्वास ठेवायला तयार नाही.

चार वाजता चुलतबहिणीच्या दारात. बॅटरी काढून घरात घेतली. गाडी काही बोलली नाही.

१२ डिसेंबर

दहा वाजून वीस मिनिटांनी इस्पितळ. खाट होती. नर्सनं कागद भरला. "किती शब्द बोलतात?"

"एक."

"कोणता?"

"नाही."

"आणि हो म्हणायला?"

"पापण्या मिटतो. हळू मिटल्या तर हो. पटकन मिटल्या तर डोळ्यात काही गेलंय. खांदा वर असला तर तुम्ही चुकताय, पुन्हा विचारा. हातानं दाखवेल ते बघा, अंगाला काही होत असेल असं समजू नका. चमच्यानं ठोकलं तर मोजा. वाढू नका."

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "जरा सावकाश सांगा, सगळं लिहून घेते." मी पुन्हा सांगितलं, सावकाश. मेरुएर्तसाठी उतरवलेली वही नर्सलाच दिली.

चाकाच्या खुर्चीवरून आत नेताना त्यानं मागं बघितलं नाही. मान त्या बाजूला वळत नाही.

१४ डिसेंबर

पहिले तीन दिवस भेटायला बंदी. सर्दी-खोकला आत येतो म्हणे. चुलतबहीण म्हणते, घरी बस, बाउर्साक तळू. काल बसले. आज बॅटरी खाली नेली, गाडी सुरू केली, गरम होऊ दिली आणि इस्पितळाच्या मागच्या अंगाला नेली. त्याची खिडकी तिसऱ्या मजल्यावर डावीकडून चौथी, हे नर्सनं फोनवर सांगितलं. खाली झाडापाशी गाडी लावली.

रखवालदार आला. म्हातारा, टोपीचे कान खाली सोडलेले. "आपा, इथं गाडी लावायची नाही."

"रुग्णवाहिकेला वाट सोडलीय. बघ."

"वाट सोडलीय, पण नियम आहे. काम काय तुमचं?"

"काम नाही. वर नवरा आहे. त्याला गाडीची काळजी लागलेली असते. दिसली म्हणजे बरं."

"गाडीची?"

"गाडीची. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही तो."

"मग आत्ता कुणाच्या हातात आहे?"

मी चावी काढून मुठीत धरली. त्यानं वर खिडक्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं, अर्धा तास. पण आत बसून राहू नका. वरून नुसतं टप दिसतं, आत कोण आहे ते दिसत नाही."

"त्याला टपच बघायचंय."

"उतरा हो, आपा."

उतरले. उणे सव्वीस. गाडीला टेकून तोंड वर करून उभी राहिले. चौथ्या खिडकीत काहीतरी हललं, माणूस होतं की पडदा ते चष्म्याशिवाय कळेना, आणि चष्मा बाल्खाशला राहिलाय. म्हणून रुमाल डोक्यावरून मागं केला, तोंड नीट दिसेल असा.

अर्धा तास झाला. मग पाऊण झाला. रखवालदार दोनदा माझ्यासमोरून गेला, घड्याळ बघितलं नाही.